मायकेल फॅरडे यांच्या विश्रांतीची वर्षे

मायकेल फॅरडे हे नाव आमच्या वाचकांनी, निदान त्यांच्या मुलांनी, शाळेच्या पुस्तकात वाचले असेल. लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या योगाने वीज उत्पन्न करण्याची रीत या गृहस्थांनी १८३१ साली लंडन शहरात शोधून काढिली. पुढे १९१५ साली घाटावरून खाली आणिलेल्या पाण्याने खोपोलीस चक्रे फिरू लागली व मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली, तिच्या मुळाशी हाच शोध होता. आणि आज आपल्या खेड्यापाड्यांत तारेवरून जी वीज येते तीही बहुतेक याच रीतीने निर्माण होते. परंतु त्या शोधाची हकीकत सांगण्याचा आमचा आजचा हेतू नाही. त्या शोधानंतर अवघ्या आठ वर्षांनी, वयाच्या ४८ व्या वर्षी, हा मनुष्य इतका थकून गेला की हातातील काम त्यास खाली ठेवावे लागले. तो कसा थकला, थकल्यावर त्याने काय केले, आणि पुन्हा कामावर कसा परतला, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. मोठ्या माणसांची चरित्रे लिहिणारे लोक असला भाग दोन-चार ओळींत उरकून टाकितात. आमच्या मते तो उरकून टाकण्यासारखा नाही.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन येथे झाला. त्यांचे वडील जेम्स फॅरडे हे लोहार होते. त्यांची प्रकृती नेहमी नादुरुस्त असे, त्यामुळे भट्टी पेटलेली दिसेलच याचा नेम नसे. १८०१ साली धान्याची फार महागाई झाली, तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्यास आठवड्यास एक पाव येई व तो त्यास आठ दिवस पुरवावा लागे. शिक्षण म्हणावे तर लिहिणे, वाचणे व थोडा हिशेब. तेराव्या वर्षी तो रीबो नावाच्या पुस्तकविक्याच्या दुकानी निरोप्या म्हणून राहिला आणि पुढे सात वर्षे त्याच दुकानात पुस्तके बांधण्याचा धंदा शिकला. जी पुस्तके बांधावयास येत ती तो वाची. १८१२ साली एका गिऱ्हाइकाच्या कृपेने त्यास सर हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकावयास मिळाली. ती त्याने टिपून घेतली, स्वतःच्या हाताने बांधली व डेव्हीसाहेबांकडे पाठविली. १ मार्च १८१३ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशन या विद्वानांच्या संस्थेत आठवड्यास २५ शिलिंग पगार व माडीवरच्या दोन खोल्या, अशा कराराने त्याची प्रयोगशाळेतील मदतनीस म्हणून नेमणूक झाली. बाटल्या धुण्यापासून सुरुवात झाली. १८२५ साली तोच त्या प्रयोगशाळेचा मुख्य झाला.

फॅरडे यांचे घराणे सँडेमनियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे. ही मंडळी स्कॉटलंडात उगम पावली होती. तीत पगारी पाळक नसत. सभासद आपल्यातूनच वडील निवडीत, आणि उपदेश करणे, आजाऱ्यांस भेटणे, गरिबांस मदत पोहोचविणे ही कामे ते वडील आपापला धंदा सांभाळून करीत. १८२१ साली फॅरडे यांचा विवाह याच मंडळीतील सारा बर्नार्ड या बाईंशी झाला, आणि त्यानंतर महिन्याभरातच त्यांनी मंडळीपुढे आपल्या विश्वासाचा पत्कर केला. या दांपत्यास मूल झाले नाही; पुतण्या-भाच्यांनी मात्र घर भरलेले असे.

आता १८३९ साली या एका मनुष्याच्या अंगावर किती कामे होती ती पाहावी. विजेविषयीचे शोध चालू होतेच. १८३१ पासून त्यांवर एकामागून एक निबंध प्रसिद्ध होत होते, व १८३९ साली ते सर्व एकत्र करून पहिला ग्रंथ छापून निघाला. शुक्रवारी रात्री लोकांसाठी व्याख्याने, नाताळात मुलांसाठी व्याख्याने, वुलिच येथील लष्करी विद्यालयात तरुण शिपाईगड्यांस रसायनशास्त्राचे पाठ, आणि १८३६ पासून समुद्रकाठच्या दीपगृहांविषयी ट्रिनिटी हाउस या संस्थेस सल्ला देण्याचे काम. सरकारास काही पुसावयाचे असले की तेही फॅरडेंसच पुसे. जगभरच्या विद्वानांच्या पत्रांस उत्तरे द्यावयाची. प्रभूच्या दिवशी उपासना. आणि यांपैकी कोणतेही काम ते दुसऱ्यावर टाकीत नसत. प्रयोगशाळेत त्यांचा मदतनीस एकच, सार्जंट अँडरसन नावाचा जुना शिपाई; तो भट्टी राखी व सांगितलेले निमूटपणे करी, परंतु विचार करण्याचा भार धन्याच्याच डोक्यावर असे.

पहिली खूण अशी झाली की डोके फिरू लागले. चालताना तोल जाई, डोके दुखे. मग विसर पडू लागला. काल केलेला प्रयोग आज आठवेना. आपण अमुक गोष्ट पूर्वीच करून पाहिली आहे की नाही हे त्यांस आपलीच वही चाळून पाहावे लागे. ज्या मनुष्याची सगळी मिळकत म्हणजे त्याचे डोके, त्यास याची केवढी धास्ती वाटली असेल! हात मोडला तर लोक पाहतात व हळहळतात. स्मरण गेले तर ते दिसत नाही, आणि ते गेले असे सांगावयास जिभेस लाज वाटते. १८३९ च्या डिसेंबरच्या आरंभी लॅथम नावाच्या डॉक्टरांनी त्यांस तपासले. विश्रांतीने बरे होणार नाही असे दुखणे त्यांस दिसले नाही. परंतु विश्रांती शरीराला आणि मनाला दोहोंनाही हवी, व ती टाळता येणार नाही, असे त्यांनी संस्थेतील एका सहकाऱ्यास कळविले. फॅरडे स्वतः काम करावयास तयार दिसतात, पण ते त्या योग्य नाहीत, आणि कोणी आग्रह केला तर ते एकाएकी कोसळतील, असाही इशारा त्यांनी दिला. हा इशारा डॉक्टरांनी रोग्यास न देता त्याच्या सोबत्यास दिला, यात त्यांचे शहाणपण दिसते. थकलेला मनुष्य आपण थकलो हे सर्वांच्या मागून कबूल करितो.

पुढील काळच्या काही वैद्यांनी असेही सुचविले आहे की प्रयोगशाळेत उघड्या राहणाऱ्या पाऱ्याच्या वाफांनी त्यांच्या मेंदूस इजा झाली असावी. तसेही असेल. तथापि इतक्या कामाखाली, वाफा नसत्या तरी, दुसरा कोणी वाकला नसता असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम ते काही दिवस ब्रायटन येथे समुद्रकाठी जाऊन राहिले, आणि थोडे बरे वाटताच परतले. इथेच पुष्कळांची चूक होते. १८४० साली त्यांनी पुन्हा थोडी व्याख्याने दिली, थोडे प्रयोग केले, आणि शरद ऋतूपर्यंत पुन्हा पहिल्या ठिकाणी येऊन ठेपले. याच वर्षी मंडळीने त्यांस वडिलाच्या कामावर निवडिले. मंडळीच्या दृष्टीने निवड योग्यच होती, यात शंका नाही. परंतु त्या वर्षी ती झाली नसती तर बरे झाले असते, असे म्हटल्यावाचून आमच्याने राहवत नाही. जो कधी नाही म्हणत नाही त्याच्याकडेच लोक आणखी एक ओझे घेऊन येतात. ज्या उपदेशकांस सहा गावांची उपासना, रात्रीची शाळा आणि मंडळीचा हिशेब एकट्याने पाहावा लागतो, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

तेव्हा १८४० अखेरीस संस्थेच्या व्यवस्थापकांनी एक चांगले कृत्य केले. फॅरडे यांची प्रकृती पुरती सुधारेपर्यंत त्यांजवर संस्थेच्या कामाचा कोणताही भार घालावयाचा नाही, असा ठराव त्यांनी केला. मुदत घातली नाही. महिना दोन महिन्यांची रजा देऊन मग विचारपूस करीत बसण्यापेक्षा हे किती निराळे! १८४० च्या सप्टेंबरपासून १८४२ च्या उन्हाळ्यापर्यंत फॅरडे यांच्या प्रयोगांच्या वहीत जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. एरवी जी वही परिच्छेदांस क्रमांक घालून नेमाने भरली जात असे, ती पावणेदोन वर्षे कोरी राहिली.

या काळात त्यांनी एका कागदावर एक मौजेचा मजकूर लिहून ठेविला होता. वकिलाच्या दस्तऐवजासारखी शब्दांवर शब्द रचलेली ती भाषा आहे. तिचे तात्पर्य एवढेच की फार बोलणे आपणांस सोसत नाही असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ खरोखर तितकाच आहे; त्यात सबब नाही, आडपडदा नाही, गूढार्थ नाही; डोके सध्या अशक्त आहे व त्याच्याने अधिक काम होत नाही. विनोदाने लिहिले आहे खरे, पण असे लिहिण्याची पाळी कोणावर येते? ज्याच्या नाही म्हणण्यावर लोकांचा विश्वास बसत नाही त्याच्यावर. साराबाई या कामी त्यांची भिंत झाल्या. भेटीस येणाऱ्यांस त्या परत लावीत, पत्रांची उत्तरे स्वतः लिहीत, आणि नवऱ्यास शहराबाहेर नेण्याची संधी शोधीत.

अशी मोठी संधी १८४१ साली आली. जूनच्या अखेरीस फॅरडे, साराबाई, त्यांचे चित्रकार बंधू जॉर्ज बर्नार्ड व त्यांची पत्नी अशी चौघे स्वित्झर्लंड देशास निघाली व तीन महिन्यांनी, सप्टेंबरच्या अखेरीस परतली. तो देश बर्फाच्या डोंगरांचा व सरोवरांचा आहे. ज्या मनुष्यास एक पान वाचून लक्षात ठेवता येत नव्हते त्याचे पाय मात्र शाबूत होते, ही आश्चर्याची गोष्ट पाहावी. एके दिवशी तो लॉयकरबाडहून निघाला, गेम्मी नावाचा उंच घाट एकटा चढून पलीकडे उतरला, आणि साडेदहा तासांत ४५ मैल, म्हणजे आपले बावीस कोसांहून अधिक, चालून थुन येथे मुक्कामास पोहोचला. तेव्हा शरीर धडधाकट असले म्हणजे मनुष्य थकलेला नाही असे समजू नये. बाहेरून पाहणाऱ्यास तो आळशी वाटला असता.

तेथे तो काय करी? पाही. युंगफ्राऊ पर्वतावरून कोसळणारे बर्फाचे लोट, धबधब्याच्या तुषारांत उमटणारे इंद्रधनुष्य, मेघांची गडगड. हे सर्व पाहून संध्याकाळी रोजनिशीत लिही. त्या रोजनिशीत शास्त्र फार थोडे आहे. इंटरलाकेन येथे खिळे घडविणारे लोहार त्यास दिसले, तेव्हा तो तेथे रेंगाळला. लोहाराचे दुकान व त्यातील प्रत्येक काम आपणांस आवडते, कारण आपला बाप लोहार होता, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. युरोपातील राजेरजवाडे ज्यास मान देत त्या मनुष्यास दुखण्यात बापाची भट्टी आठवली!

दुसरी एक नोंद आम्हांस विशेष हृदयस्पर्शी वाटते. एका खेड्याच्या कबरस्तानात तो गेला असता तेथे पितळी पाट्यांच्या कबरी होत्या. त्यांत एक कबर अशा गरिबाची होती की त्याच्या माणसांस पाटी करविण्याची ऐपत नव्हती. त्यांनी कागदावर जन्म व मृत्यू यांची नोंद लिहून तो कागद एका फळीस लाविला होता, फळी काठीवर उभी केली होती आणि पावसाने शाई धुऊन जाऊ नये म्हणून वर लहानशी वळचण काढिली होती. त्या वळचणीखाली एका सुरवंटाने आपला कोश बांधिला होता. कोश रिकामा होता. फुलपाखरू केव्हाच उडून गेले होते. फॅरडे यांनी हे सविस्तर लिहून ठेविले आहे. त्यावर आम्ही काही अधिक लिहीत नाही. मृतांच्या पुनरुत्थानाची आशा बाळगणाऱ्या, आणि आपले काम तर मेलेच असे वाटत असलेल्या मनुष्याने तो कोश पाहिला, एवढे वाचकांनी ध्यानात आणावे.

ऑगस्टमध्ये तेथून लंडनच्या एका जुन्या मित्रास पत्र गेले. ते बहुतेक साराबाईंनी लिहिले होते व शेवटी फॅरडे यांनी चार ओळी जोडिल्या होत्या. मनाचा रिकामेपणा आपणांस इतका मानवला आहे की ते एक सुखच झाले आहे, असे त्यांनी कळविले. स्मरणाविषयी मात्र सुधारणा नव्हती. भीती एकच होती: आपण परत गेलो की अंगाने धडधाकट दिसणार, आणि मित्रमंडळी पूर्वीइतक्याच कामाची अपेक्षा धरणार. दीर्घ दुखण्यातून उठलेल्या पुष्कळांस ही भीती वाटते, व ती खोटी नसते. दुखण्यास लोक क्षमा करितात. बरे होण्यास वेळ लागतो यास क्षमा करीत नाहीत.

ते परतले ते हळूहळू. १८४१ च्या नाताळात त्यांनी मुलांसाठी रसायनशास्त्राच्या मूळतत्त्वांवर व्याख्याने दिली. १८४२ च्या उन्हाळ्यात प्रयोग पुन्हा सुरू झाले, तेही जोराने बाहेर पडणाऱ्या वाफेपासून वीज कशी उत्पन्न होते या एका बेताच्या प्रश्नावर. १८४४ साली त्यांनी आपल्या तरुणपणचे काम, म्हणजे वायूंस थंडी व दाब यांनी पातळ करण्याचे काम, पुन्हा हाती घेतले. जो माग पायाखालचा आहे त्यानेच प्रथम चालावे, असा हा बेत दिसतो. त्या वर्षी दुःखाचेही प्रसंग आले. वसंत ऋतूत मंडळीच्या शिस्तीच्या एका वादात त्यांस काही आठवडे सभासदत्वावाचून राहावे लागले. पुढे त्यांस परत घेतले, परंतु वडिलाचे काम त्यांजकडे पुन्हा १८६० पर्यंत आले नाही. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी डरहम परगण्यातील हॅसवेल येथे कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९५ माणसे व मुलगे मेले. सरकारने चौकशीस फॅरडे व भूगर्भशास्त्री लायेल यांस पाठविले. खाणीत उतरल्यावर फॅरडे एका पोत्यावर बसून विचारपूस करीत होते, जवळ मेणबत्ती जळत होती. पोत्यात काय आहे असे त्यांनी विचारिले तेव्हा बंदुकीची दारू असे उत्तर मिळाले! ही गोष्ट लायेल यांनी पुढे सांगितली. केवळ वायूनेच नव्हे तर कोळशाच्या बारीक धुळीनेही स्फोट वाढतो, हे त्या दोघांच्या अहवालात आहे.

तरी लंडनमधील कोणी १८४५ च्या उन्हाळ्यात असे म्हटले असते, की फॅरडे आता चांगले व्याख्याते राहिले आहेत पण त्यांचे मोठे शोध संपले, तर त्यास खोडून काढण्यासारखे काही नव्हते.

फार पूर्वी, १८२५ नंतरच्या चार-पाच वर्षांत, दुर्बिणींसाठी उत्तम काच बनविण्याचे काम सरकार व रॉयल सोसायटी यांच्या वतीने फॅरडे यांजकडे आले होते. अँडरसन हा शिपाई त्याच भट्टीसाठी ठेविला होता. वर्षे खर्ची पडली. शिसे घातलेली एक जड काच तयार झाली, परंतु दुर्बिणीच्या कामी तिचा उपयोग झाला नाही. तिचे तुकडे तसेच पडून राहिले.

१८४५ च्या सप्टेंबरात फॅरडे एक जुना संशय पुन्हा तपासू लागले. प्रकाश आणि लोहचुंबकाची शक्ती यांचा एकमेकांशी काही संबंध आहे की नाही? त्यांनी दिव्याचा प्रकाश अशा रीतीने पाठविला की त्याचे कंपन एकाच दिशेने व्हावे, आणि पलीकडे असे भिंग लाविले की त्या दिशेचा प्रकाश अडून डोळ्यास अंधार दिसावा. मध्ये निरनिराळे पदार्थ ठेवून जवळ चुंबक आणून पाहिला. काही होईना. एक काच झाली, दुसरी झाली. १३ सप्टेंबर रोजी त्यांनी ती जुनी जड काच आणून ठेविली व चुंबकात वीज सोडिली. अंधारात दिव्याची ज्योत दिसू लागली. वीज बंद केली, ज्योत गेली. चुंबकाने प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरविली होती. प्रकाशाचा व चुंबकाचा संबंध मनुष्याने प्रथमच डोळ्यांनी पाहिला. ४ नोव्हेंबर रोजी त्याच काचेचा तुकडा दोऱ्याने टांगून चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सोडिला असता तो आडवा फिरून राहिला. लोखंडच नव्हे तर पुष्कळ पदार्थ चुंबकाशी आपापल्या परीने वागतात, हे त्यावरून निघाले. या शोधांच्या व फॅरडेंच्या इतर विचारांच्या पायावर पुढे १८६५ साली क्लार्क मॅक्सवेल यांनी प्रकाश ही विद्युच्चुंबकीय लहर आहे असा सिद्धांत प्रसिद्ध केला. आज बिनतारी संदेश येतात ते त्याच जातीच्या लहरींनी.

त्या दिवसांत फॅरडे यांस जेवावयासही फुरसत नसे. जुनी खोड अशी जाते थोडीच! मात्र आता एक फरक होता. ताण वाढला की ते काम टाकून शहराबाहेर जात, आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागत नसत. स्मरण पूर्ववत् कधीच झाले नाही; हे ते मित्रांस वारंवार लिहीत. म्हणून त्यांनी स्मरणावर टाकावयाचा भार वहीवर टाकिला. १८३२ पासून घातलेले क्रमांक त्यांनी शेवटपर्यंत चालविले. १८६२ साली शेवटच्या परिच्छेदाचा क्रमांक १६०४१ झाला. मेजवान्यांची आमंत्रणे ते बहुधा नाकारीत. पैसे घेऊन कारखानदारांची कामे करणे त्यांनी पूर्वीच सोडिले होते. पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले तेही त्यांनी घेतले नाही. मुलांची व्याख्याने मात्र त्यांनी सोडिली नाहीत. १८५१ पासून १८६० पर्यंत प्रत्येक नाताळात ती तेच देत होते.

शेवटी त्यांनी कामे खाली ठेविली ती एकेक करून, आपण होऊन. १८६१ साली मुलांची व्याख्याने, १८६२ साली शुक्रवारचे शेवटचे व्याख्यान, १८६५ साली प्रयोगशाळेचा कारभार आणि दीपगृहांचे काम. आपली पत्रे असंबद्ध होतात म्हणून आपण ती लिहून फाडून टाकितो, असे त्यांनी एका दूरच्या शास्त्रज्ञ मित्रास शेवटच्या पत्रात सांगितले, आणि लिहिणे थांबविले. व्हिक्टोरिया राणीने १८५८ साली हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांस राहावयास घर दिले होते. तेथे २५ ऑगस्ट १८६७ रोजी, आपल्या अभ्यासिकेत खुर्चीवर बसले असता त्यांचा प्राण गेला. त्यांच्या इच्छेप्रमाणे हायगेट येथे साध्या रीतीने त्यांस पुरिले. दगडावर नाव, जन्माची तारीख आणि मृत्यूची तारीख एवढेच लिहिलेले आहे. साराबाई त्यांच्या मागे अकरा वर्षांहून थोडा अधिक काळ होत्या.